गुळवेल : परीक्षानळीपासून रुग्णशय्येपर्यंत

आपल्या परिसरात कुंपणावर, आंब्या-निंबाच्या झाडावर सहज वाढणारी गुळवेल आयुर्वेदाने ‘अमृता’ या नावाने गौरविली आहे. चरकसंहितेत तिची गणना रसायन द्रव्यांत आहे. ‘गुळवेलीने रोगप्रतिकारशक्ती वाढते, मग ती रोज घ्यावी का?’ असा प्रश्न रुग्ण व त्यांचे नातेवाईक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘शक्ती वाढते’ हे प्रयोगशाळेत कसे ठरवितात, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात व नष्ट करतात. पेशींची ही क्षमता मोजण्याची एक सोपी रीत आहे. रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशींत कॅन्डिडा या बुरशीच्या पेशी मिसळतात. ठरावीक वेळानंतर किती पेशींनी बुरशी गिळली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मेलेली बुरशी निळा रंग शोषून घेते, त्यामुळे तिला मारण्याची क्षमताही कळते. वनस्पतीचा अर्क दिलेल्या व न दिलेल्या पेशींची तुलना केल्यावरच निष्कर्ष काढता येतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक असते. काही जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही या संरक्षक पेशींना उत्तेजित करते. अर्कात ते मिसळलेले असेल, तर जंतूंच्या अंशाचे श्रेय वनस्पतीला दिले जाईल. म्हणून अर्काची एंडोटॉक्सिनसाठी तपासणी करावी लागते. वनस्पतीची अचूक ओळख पटविणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

या विषयात मुंबईत मोलाचे कार्य झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. पित्तनलिका अवरुद्ध होऊन कावीळ झालेल्या रुग्णांत पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते व शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा 30 रुग्णांचे दोन गट करून केलेला अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेल दिलेल्या गटातच न्यूट्रोफिल पेशींची गिळण्याची व मारण्याची क्षमता पूर्ववत झाली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीच्या गटात ती एकाही रुग्णात दिसली नाहीत. पुढे 1999 मध्ये गुळवेलीतून वेगळ्या केलेल्या एका बहुशर्करेने बी-लिम्फोसाइट पेशी उत्तेजित होतात, असेही प्रसिद्ध झाले.

हे निष्कर्ष आशादायक आहेत; परंतु तीस रुग्णांचा अभ्यास लहानच होय. शिवाय, त्या रुग्णांना औषध विशिष्ट आजारात व वैद्यकीय देखरेखीखाली मिळाले होते. धडधाकट माणसाने महिनोन्‌महिने काढा घ्यावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

कोविडच्या साथीत हा भेद अनेकांच्या ध्यानी राहिला नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. 2022 मध्ये देशातील विविध केंद्रांतील 43 रुग्णांचा अहवाल आला. यांपैकी काहींत स्वप्रतिकारक यकृतदाहाची, म्हणजे संरक्षक पेशींनीच यकृतावर हल्ला केल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये या निष्कर्षावर आक्षेप घेतला; वनस्पतीची खातरजमा झालेली नाही व गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद शास्त्रीय तपासणीनेच मिटू शकेल. तोवर एक गोष्ट निश्चित : जी वनस्पती पेशींना जागविते, ती प्रत्येकाच्या शरीरात इष्टच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, आपण कोणताही काढा, चूर्ण वा सत्त्व घेत असल्यास ते डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावे. यकृताचा विकार, संधिवातासारखा स्वप्रतिकारक आजार किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णांनी सल्ल्यावाचून गुळवेल घेऊ नये. ती घेत असताना डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसल्यास सेवन थांबवून त्वरित तपासणी करून घ्यावी. परंपरेचा आदर तिची परीक्षा घेण्यानेच वाढतो, अशी आमची धारणा आहे.