विहिरीच्या पाण्यातील उडणारे विष कसे सापडते?



विहिरीजवळ पेट्रोल सांडले, पाण्याची शंका आली, की आपण घरातल्या कॅनमध्ये पाणी भरतो अन् कारखान्यावर घेऊन येतो. पण आपली प्रयोगशाळा ब्रिक्स-पोल पाहणारी. तिथे ही परीक्षा होत नाही. शिवाय कॅनमधले विष वाटेतच उडून जाऊ शकते!

पेट्रोलमध्ये बेन्झिन असते. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे एक लाख लिटरमध्ये एक ग्रॅम. वास मात्र त्याच्या सुमारे हजारपट झाल्यावर येतो. म्हणून "वास नाही, म्हणजे पाणी चांगलं" हे म्हणणे खरे नव्हे.

मग सापडते कसे? सोड्याच्या बाटलीतून जसा वायू सुटतो, तसेच इथे मुद्दाम करतात. नमुन्यातून हेलियम किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. उडणारे पदार्थ त्यांच्याबरोबर बाहेर येतात आणि शोषक पूड भरलेल्या नळीत अडकतात. नळी तापवली की ते सुटून गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राच्या लांब, बारीक नळीत शिरतात. तिथून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. त्यावरून कोणता आणि किती ते कळते. ही पद्धत १९७४ साली अमेरिकेत बेलर व लिक्टेनबर्ग यांनी प्रसिद्ध केली.

पण यंत्र कितीही चांगले असो, नमुना चुकला की सारे फुकट. म्हणून एवढे करा :

१) बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. आत आम्लाचे थेंब असतील तर विसळू नका.

२) विहिरीवरचा पंप थोडा वेळ चालवून मग नमुना घ्या. हाताला डिझेल-रॉकेल नको.

३) बाटली हळूच, काठोकाठ भरा. झाकण लावून उलटी करा. एकही बुडबुडा दिसता कामा नये. त्या हवेतच विष निघून बसते.

४) बर्फात ठेवून लगेच पोचवा.

निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नका. घरात उकळूही नका; वाफेबरोबर विष घरभर पसरेल.

ऊस एक हंगाम वाया गेला तर पुन्हा लावता येतो. पोराबाळांच्या तब्येतीचे तसे नाही. शंका आली तर आधी बाटली मागा, मगच पाणी भरा.