शस्त्राने काय जाते, गैरसमजाने काय जाते

माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान झालेला मनुष्य अंबाजोगाईचे सरकारी इस्पितळ गाठतो, तेथून बार्शी, लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो, योजनेचे अर्ज, शिधापत्रिका आणि तपासण्यांचे अहवाल यांचे दप्तर काखोटीला मारून काही महिने दारोदार काढतो, आणि अखेर जगून-वाचून घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती पडलेल्या कागदात जखमेची निगा, पिशवी बदलण्याची मुदत, गोळ्यांच्या वेळा आणि फेरतपासणीची तारीख हे सारे रीतसर नमूद असते. मात्र पती-पत्नींनी एकमेकांच्या जवळ पुन्हा केव्हा आणि कसे यावे, या एका बाबीविषयी त्यात बहुधा अवाक्षरही नसते. डॉक्टरांच्या दाराशी रांग असते, रुग्णाला संकोच असतो, शेजारी मुलगा किंवा पुतण्या फाईल धरून उभा असतो, आणि जिला विचारायचे असते ती बाहेरच्या बाकावर डबा सांभाळीत बसलेली असते. कागदावरच्या या कोऱ्या जागेत मग पारावरचे तर्क शिरतात आणि एस.टी. स्थानकाजवळच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगविलेल्या ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती शिरतात.

या शस्त्रक्रियेने शरीरातून काही गोष्टी खरोखरच जातात, आणि त्या गेल्याच नाहीत असा दिलासा देणे ही रुग्णाची फसवणूकच होय. परंतु जे जाते त्याची यादी मर्यादित आहे. त्या यादीबाहेरचे जे पुष्कळसे घराघरांतून जाते ते शस्त्राने गेलेले नसते. ही दोन खाती एकदा वेगळी मांडून पाहिली पाहिजेत.

पहिला घोटाळा निदानापासूनच सुरू होतो. ‘लघवीच्या पिशवीचा कॅन्सर’ म्हटले की पिशवी काढणार आणि संसार आटोपला, असे लोक धरून चालतात. वास्तविक निदान होते त्या वेळी दहांपैकी सुमारे सात रुग्णांत हा रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच असतो, स्नायूंत उतरलेला नसतो. अशांच्या बाबतीत मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. पोटावर छेद जात नाही, ताठरतेच्या नसांना हात लागत नाही, आणि लघवीतील रक्त व जळजळ थांबून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखविला की काही आठवड्यांत पूर्वीचे व्यवहार सुरू करण्यास प्रत्यवाय नसतो. पुढे अनेकांना मूत्राशयात बी.सी.जी. सोडतात. लहान मुलांना क्षयरोगाविरुद्ध टोचतात तीच ही लस, आणि कर्करोगावर मूत्राशयात तिचा उपयोग होतो हे कॅनडातील मोरालेस या शल्यविशारदाने १९७६ साली प्रसिद्ध केले. तिच्यात जिवंत जंतू असतात, सबब उपचार चालू असताना आणि प्रत्येक मात्रेनंतर निदान आठवडाभर समागमाच्या वेळी निरोध वापरावा असे सांगतात. या सूचनेचा विपर्यास होऊन ‘कॅन्सर बायकोला लागतो’ अशी समजूत पसरते. कर्करोग स्पर्शाने, चुंबनाने, समागमाने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. केमोथेरपीच्या दिवसांतही निरोध वापरण्यास सांगतात ते औषधाचा अंश जोडीदाराच्या अंगी जाऊ नये आणि गर्भ राहू नये म्हणून. रुग्णाचे अंथरूण ओसरीवर नेऊन टाकण्यास वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही.

आता खऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेकडे वळू. रोग स्नायूंत उतरला की सबंध मूत्राशय काढावे लागते, आणि पुरुषाच्या बाबतीत त्याबरोबर प्रोस्टेट ग्रंथी व वीर्यकोशही सामान्यतः जातात. हा विकार स्त्रियांपेक्षा पुरुषांत तीन-चार पट अधिक आढळतो आणि विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण असल्यामुळे, आपल्याकडे या टेबलावर जाणारा मनुष्य बहुधा जन्मभर विडी ओढलेला, साठीच्या आसपासचा घरधनी असतो. त्याला शस्त्रक्रियेनंतर पहिला धक्का बसतो तो वीर्य बाहेर येत नाही याचा. वीर्य म्हणजे शरीराचे सत्त्व, त्याच्या थेंबाथेंबात रक्ताचा अर्क, हे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे त्याला आपले पुरुषत्वच निकालात निघाले असे वाटावे, यात नवल नाही. वस्तुस्थिती अशी की वीर्यातला बहुतेक सारा द्रव प्रोस्टेट आणि वीर्यकोश या दोन ठिकाणी तयार होत असतो. ती ठिकाणेच गेल्यावर द्रव यावा कोठून? अंडकोश मात्र जागच्या जागी शाबूत असतात, पुरुषी संप्रेरक पूर्ववत निर्माण होत राहते, म्हणून दाढी, आवाज, बळ आणि इच्छा यांपैकी काहीही त्या कारणाने कमी होत नाही. परमोच्च क्षणीचे सुख मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांच्या द्वारा अनुभवास येते. ते कोरडे असले तरी पुष्कळांस पूर्वीसारखेच, काहींस थोडे निराळे वाटते. नैसर्गिक रीतीने अपत्य होण्याची शक्यता मात्र खरोखरच संपते, आणि ज्याला मूल हवे असेल अशा तरुण रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच वीर्य साठवून ठेवण्याची तजवीज करावी, हे त्याला वेळेवर सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

ताठरतेची गोष्ट निराळी, आणि तेथे खोटा धीर देण्याचे कारण नाही. ताठरता घडवून आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी, केसासारख्या बारीक धाग्यांच्या जुडीतून जातात. त्या नेमक्या कोठे असतात हे पूर्वी शल्यविशारदांनाही नीट ठाऊक नव्हते; अमेरिकेतील पॅट्रिक वॉल्श यांनी त्यांचा माग काढून १९८२ साली त्या राखून प्रोस्टेट काढून दाखविली, आणि पुढे मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेतही तीच पद्धत आली. रोगाची व्याप्ती परवानगी देईल तेथेच या नसा राखता येतात. राखल्या तरी त्या दुखावलेल्या असतात आणि पूर्वपदावर येण्यास वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षेही घेतात. वय, मधुमेह आणि रक्तदाब यांवरही पुष्कळ अवलंबून असते. तिसऱ्या महिन्यात काही घडले नाही म्हणून ‘संपले’ असा निकाल देणारा मनुष्य मुदतीपूर्वीच दावा मागे घेतो.

उपाय एक नव्हे, अनेक आहेत. १९९८ साली मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल आणि त्याच्या जातीच्या गोळ्या नसा काही अंशी शाबूत असतील तर उपयोगी पडतात. परंतु ज्याला हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी किंवा तत्सम नायट्रेट औषध चालू आहे त्याने त्या कदापि घेऊ नयेत, कारण दोहोंच्या संयोगाने रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतते. भिंतीवरच्या जाहिरातवाल्याकडून आणलेली बिननावाची पूड याच कारणाने धोक्याची: ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. गोळीने भागले नाही तर निर्वात पंप आहे, शिश्नात बारीक सुईने द्यावयाचे इंजेक्शन आहे (त्यानंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर तडक इस्पितळ गाठले पाहिजे), आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसविण्याची कृत्रिम शलाका आहे. परदेशी शलाकांची किंमत येथील माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी स्वस्त देशी शलाका तयार केली, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते.

स्त्रीच्या वाट्याला तर गैरसमजही येत नाहीत, मौनच येते. तिचे मूत्राशय काढताना गर्भाशय, अंडाशय आणि योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीचा भाग काढण्याची रीत होती. आता जेथे रोग लांब असेल तेथे हे अवयव राखण्याकडे कल वाढत आहे, आणि म्हणूनच ‘माझे काय काय काढणार आणि काय राखता येईल’ हा प्रश्न तिने किंवा तिच्या वतीने नवऱ्याने शस्त्रक्रियेआधी विचारला पाहिजे. आमच्या बीड जिल्ह्यात तो अधिकच अगत्याचा आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची जी सरकारी पाहणी २०१९ साली झाली तीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडातली रोजंदारी बुडू नये म्हणून ऐन तिशीत अवयव देऊन टाकणाऱ्या बाईला, नंतर तिच्या अंगसुखाचे काय झाले, हे विचारण्याची तसदी कोण घेणार होते? योनिमार्ग आखूड किंवा अरुंद होणे, कोरडेपणा आणि त्यामुळे होणारी वेदना या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना इलाज आहे: जखम भरल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू मार्ग रुंदावणारी साधने, वंगणाची मलमे, आणि रोगाची हकीकत पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यास संप्रेरकाचे मलम. घरचे खोबरेल तेल पुष्कळजणी वापरतात. त्याने निरोधाचे रबर कमजोर होते एवढे ध्यानात ठेवावे. ‘सोसायचेच असते’ हा सल्ला मात्र साफ नामंजूर करावा. वेदना सोसून दिलेल्या संगाने शरीर पुढच्या वेळी अधिकच आखडते.

पोटावरच्या पिशवीविषयी लोकांच्या मनात जितकी भीती आहे तितकी दुसऱ्या कशाचीही नसेल. अमेरिकेतील ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केलेल्या पद्धतीने लहान आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याचे तोंड बेंबीच्या उजवीकडे खाली पोटावर उघडतात; लघवी तेथून अखंड पिशवीत झिरपत राहते. ते लालसर ओले तोंड पाहून दोघांनाही वाटते की याला धक्का लागला तर फाटेल. आतड्याच्या त्या अस्तरात वेदनेची जाणीवच नसते, आणि अंगाला अंग लागल्याच्या दाबाने त्याला इजा होत नाही. फक्त त्या तोंडात काही घालू नये. जवळ येण्यापूर्वी खालची तोटी उघडून पिशवी रिकामी करावी, कडा नीट चिकटल्या आहेत का ते बोट फिरवून पाहावे, पिशवी दुमडून आडवी ठेवावी, आणि वरून जुन्या मऊ लुगड्याचा रुंद पट्टा शिवून बांधावा किंवा पोटापुरती बंडी घालावी. त्याने पिशवी हलत नाही, तिची सळसळ ऐकू येत नाही आणि नजर तिच्यावर अडकत नाही. कुशीवर निजून एकमेकांकडे तोंड करणे पुष्कळांना सोयीचे पडते. कधी गळालीच तर एक जुना टॉवेल जवळ असला म्हणजे पुरे. ज्यांना आतड्याचेच नवे मूत्राशय करून आत बसविले आहे त्यांनी आधी ते रिकामे करावे. ऐन वेळी चार थेंब आले तरी जोडीदाराला त्यापासून अपाय नाही.

केव्हा सुरू करावे, याला सहा ते आठ आठवडे असे ढोबळ उत्तर आहे, पण शेवटचा शब्द शल्यविशारदाचा. त्याहून अवघड अडचण ज्या बाजूने येते तिची कोणी वाच्यता करीत नाही. महिनोन् महिने जी बाई नवऱ्याची पिशवी बदलते, त्याचे मापून पाणी लिहून ठेवते, रात्री उठून चादर बदलते, ती त्याच्या दृष्टीने आणि स्वतःच्याही दृष्टीने परिचारिका होऊन बसते. त्याच हातांनी पुन्हा पत्नी होणे एका रात्रीत साधत नाही. शक्य असेल तेव्हा पिशवी बदलण्याचे काम रुग्णाने स्वतः शिकून घ्यावे, त्याचे हे एक मोठे कारण आहे. आरंभी समागमाचा हेतूच बाजूला ठेवून नुसते जवळ निजणे, पाठीवरून हात फिरविणे, एवढ्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मनुष्य ताठरतेची वाट पाहू लागला की ती येत नाही, हे निरोगी माणसालाही लागू आहे.

माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला अधिक महिन्यात लोटणारी गर्दी पाहावी, त्या महिन्यात लेक-जावयाला जोडीने बोलावून अनारशांचे वाण देण्याचा सोहळा पाहावा, आणि मग त्याच जोडीच्या शय्येवरील दुःखाविषयी समाजात किती कडेकोट बंदोबस्त आहे ते पाहावे! मराठीत या विषयावर बोलण्याची परंपरा नाही असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, वाचकांच्या कामविषयक शंकांना त्यात उघड उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. आज असे प्रश्न विचारल्याबद्दल कोणी कोर्टात खेचीत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, आणि टाटा रुग्णालयात पोटावर पिशवी असलेल्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे.

फेरतपासणीला जाताना, म्हणून, दोघांनीही आत जावे. मुलाला औषधाच्या दुकानात चिठ्ठी घेऊन पाठवावे. माझ्या नसा राखल्या की नाहीत, गोळी घेतलेली चालेल का, हृदयाचे कोणते औषध चालू आहे, मलम कोणते लावू, आणि हे तुमच्याकडे होत नसेल तर कोणाकडे जाऊ, हे पाच प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत, कारण टेबलासमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. कागद मात्र नुसता पुढे सरकविता येतो.