काचतंतूची मोटार आणि रंगापूर्वीचे काम

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड हे उपनगर आहे. आज ते संगणक-व्यवसायासाठी प्रसिद्ध असले, तरी यंत्रोद्योगाचीही तेथे जुनी वस्ती आहे. रेल्वेची डिझेल एंजिने बांधणारी ‘सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह’ ही कंपनी याच परिसरातील. तिच्याशी संबंधित असलेल्या ‘सॅन मोटर्स’ने १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी मोटार बाजारात आणली. एंजिन रेनॉ कंपनीचे, सुमारे १.२ लिटरचे; आणि बॉडी पोलादी पत्र्याची नव्हे, तर काचतंतूची. बंगळूरला हा पदार्थ नवा नव्हता. १९८२ साली आलेल्या सिपानी कंपनीच्या ‘डॉल्फिन’ची बॉडीही काचतंतूचीच होती. अमेरिकेत तर १९५३ सालीच ‘कॉर्व्हेट’ या मोटारीने हा मार्ग दाखवून दिला होता.

थोड्या संख्येने मोटारी बांधणाऱ्याला काचतंतू सोयीचा पडतो. पत्रा दाबून आकार देण्यासाठी अवजड दाबयंत्रे आणि महागडे साचे लागतात. काचतंतूची बॉडी साध्या साच्यात हातानेही घडविता येते. परंतु या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. तुटलेल्या भागाऐवजी नवा भाग सहज मिळत नाही. जी बॉडी आहे तीच दुरुस्त करून राखावी लागते, आणि रंगाऱ्याच्या एका चुकीने ती कायमची बिघडू शकते.

पदार्थाची घडण

काचेचे अतिसूक्ष्म तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या संयोगातून हा पदार्थ बनतो. ताण तंतू सोसतात. राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. सर्वांत वर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, तंतू नसलेला शुद्ध राळेचा थर असतो. त्यास जेलकोट म्हणतात. बॉडी गंजत नाही, म्हणून ती निर्धोक आहे असे मात्र नव्हे. जेलकोट फुटला की उघडे पडलेले तंतू दिव्याच्या वातीप्रमाणे ओलावा शोषून घेतात. असा ओलावा आत कोंडून वरून रंग दिला, तर उन्हात तापल्यावर रंगावर फोड उठतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बंगळूरचे पावसाळी महिने. म्हणून तेथे हे काम कोरड्या ऋतूत करणे इष्ट.

आधी धुणे, मग घासणे

या कामातील पहिला नियम साधा आहे, पण तोच सर्वाधिक मोडला जातो. साच्यातून बॉडी सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेले असते, व त्याचा अंश जेलकोटवर राहतो. पुढे मालक चकाकीसाठी सिलिकोनयुक्त पॉलिश लावतो. न धुताच सँडपेपर फिरविला, तर हे मेण निघून न जाता ओरखड्यांत खोल दडपले जाते. मग रंग तेथे धरत नाही. त्यात माशाच्या डोळ्यासारखे वाटोळे खळगे पडतात.

म्हणून बॉडी प्रथम सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. नंतर रंगाच्या दुकानात मिळणारा, मेण व तेल काढणारा द्रव एका कापडाने लावावा, आणि तो वाळण्यापूर्वीच दुसऱ्या स्वच्छ कापडाने टिपून घ्यावा. द्रव आपोआप वाळू दिला, तर विरघळलेले मेण पुन्हा त्याच जागी बसते. कापडे वरचेवर बदलावीत.

स्वच्छतेची परीक्षा पाणीच घेते. स्वच्छ पाणी शिंपडावे. ते सलग पापुद्र्यासारखे पसरले, तर पृष्ठभाग शुद्ध आहे. आळवाच्या पानावरच्यासारखे त्याचे थेंब झाले, तर मेण अजून शिल्लक आहे.

जुना रंग काढण्यासाठी पत्र्यावर वापरतात ते रंगनाशक रसायन येथे लावू नये; ते राळेलाही मऊ करते. ज्योतही वर्ज्य. सँडपेपरने हळूहळू घासणे हाच सुरक्षित मार्ग होय.

चिरांची चिकित्सा

नाण्याने बॉडी हलकेच ठोकत जावे. निरोगी भागातून टणक आवाज येतो. थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. केसासारख्या चिरांवर नुसती पुट्टी फासली, तर थोड्याच दिवसांत चीर पुन्हा वर येते. चीर तळापर्यंत कोरून काढावी आणि मगच भरावी.

आरपार फुटलेल्या ठिकाणी कडा उतरत्या घासाव्या लागतात. उताराची रुंदी जाडीच्या बारा पट असावी, असा प्रघात आहे. म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला सुमारे छत्तीस मिलिमीटर. जोडाचे क्षेत्र जितके मोठे, तितका ताण अधिक जागेत वाटला जातो. पाठीमागून आधार देऊन काचतंतूच्या चटईचे तुकडे राळेत भिजवून थरांवर थर बसवावेत, आणि रूळ फिरवून त्यांतील हवा काढून टाकावी.

राळ घट्ट होण्यासाठी तीत शेकडा एक ते दोन या प्रमाणात परॉक्साइड मिसळतात. हा द्रव डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. राळेत वापरला जाणारा कोबाल्टयुक्त वेगवर्धक आणि परॉक्साइड यांचा थेट संयोग कधीही करू नये. त्यातून स्फोट होतो. काचेची धूळ आणि राळेची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून चष्मा, श्वासाचा योग्य मुखवटा, हातमोजे आणि मोकळी हवा ही या कामाची अवजारेच समजावीत.

धीराचे फळ

राळ काही तासांत टणक होते, परंतु तिचे आकुंचन त्यानंतरही मंदपणे चालूच राहते. दुसऱ्याच दिवशी रंग दिला, तर आरशासारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर काही आठवड्यांनी जोडाची कड आणि चटईची वीण उमटते. दुरुस्त भाग काही दिवस उबदार जागी राहू द्यावा. नंतर पुट्टीचा पातळ हात, बारीक छिद्रांची भरणी, क्रमाने बारीक होत जाणारे सँडपेपर आणि शेवटी इपॉक्सीचे अस्तर, असा क्रम ठेवावा. पत्र्याचा रंग पक्का करण्यासाठी कारखान्यात वापरतात तशी कडक भट्टी येथे चालत नाही. त्या उष्णतेने राळ मऊ पडून बॉडीचा आकार बिघडतो.

रंगाचा शेवटचा हात सर्वांना दिसतो. त्याखालचे धुणे, कोरणे आणि थांबणे कोणासही दिसत नाही. तरीही रंग किती वर्षे टिकणार, याचा निकाल रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच लागलेला असतो.