अर्थव्यवहाराचं इंग्रजी शिकायचंय? पतधोरण वाचा

बिझनेस इंग्लिशच्या जाडजूड याद्या पाठ करण्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचं पतधोरण निवेदन वाचा, असं मी सगळ्यांना सांगत सुटतो. साधारण दर दोन महिन्यांनी ते येतं, वेबसाइटवर फुकट मिळतं आणि तेच तेच शब्द पुन्हा भेटत राहिल्याने आपोआप अंगवळणी पडतात.

पहिला शब्द रेपो रेट. बँका सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचं कर्ज घेतात, त्याचा हा व्याजदर. तो बदलतो बेसिस पॉइंटमध्ये: 100 बेसिस पॉइंट म्हणजे 1 टक्का, 25 म्हणजे पाव टक्का.

खरी गंमत पुढे आहे. डिसइन्फ्लेशन आणि डिफ्लेशन या जोडीत भलेभले फसतात. महागाईचा दर 6 वरून 4 टक्क्यांवर आला, तर ते डिसइन्फ्लेशन. म्हणजे भाव वाढताहेतच, फक्त वेग मंदावलाय. 'महागाई घटली' म्हणून किराणा स्वस्त होईल या आशेवर बसू नका! भाव सरसकट खाली येऊ लागले, तरच डिफ्लेशन. आणि 6 वरून 4 ही घट 2 टक्क्यांची नव्हे, 2 पर्सेंटेज पॉइंटची. टक्क्यांत मोजली तर ती 33 टक्क्यांहून जास्त भरते. बातम्यांतही इथे सर्रास घोळ होतो.

कोअर इन्फ्लेशन म्हणजे अन्न आणि इंधन वगळून मोजलेली महागाई. आपलं निम्मं बजेट तिथेच जातं, तो भाग वेगळा.

पुढचं निवेदन आलं की पहिली दोन पानं वाचा आणि अडलेले शब्द कमेंटमध्ये टाका.