पेढी सांभाळून ट्रायथलॉन

गेल्या काही वर्षांपासून आपल्या समाजाच्या गुणगौरव समारंभांत एक नवे बिरुद ऐकू येऊ लागले आहे. सनदी लेखापाल झालेली मुले, नव्याने डॉक्टर झालेल्या कन्या, अठ्ठाई व मासक्षमणाचे तपस्वी यांच्या नामावलीत मधूनच एखाद्या चाळिशीतल्या व्यापाऱ्याचे नाव येते आणि त्यामागे ‘आयर्नमॅन’ हा शब्द उच्चारला जातो. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. मात्र या माणसाने नेमके काय केले, त्यासाठी वर्षभर काय सोसले आणि त्याच्या घराने काय सोसले, याची कल्पना टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. ती यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

या खेळाचे मूळ नाव ट्रायथलॉन. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ही तीन कामे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पुरी करायची. एका खेळातून दुसऱ्यात जाताना कपडे, बूट, हेल्मेट बदलायला जो वेळ लागतो तोही शर्यतीच्या वेळेतच धरला जातो. १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे या खेळाची पहिली आधुनिक स्पर्धा झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ च्या फेब्रुवारीत, जॉन कॉलिन्स हे नौदल अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ शर्यत सुरू केली. तीनही खेळांत सर्वांत दमदार कोण, या वादाचा निकाल लावण्यासाठी बेटावरील तीन मोठ्या अंतरांची त्यांनी एक मोळी बांधली. सुरुवातीच्या रेषेवर १५ जण उभे होते, त्यांपैकी १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉनचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला, पण तेथील अंतरे बरीच लहान आहेत : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे.

पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. यासाठी साधारणपणे १७ तासांची मुदत असते. याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीस ‘७०.३’ म्हणतात, कारण तिन्ही अंतरांची बेरीज तितके मैल भरते. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते व मुदत सामान्यतः साडेआठ तासांची असते. भारतात अशी पहिली अर्ध-आयर्नमॅन शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामार किनाऱ्यावर झाली. सत्काराच्या व्यासपीठावरून या दोन्ही अंतरांना सरसकट एकच नाव दिले जाते. दोन्ही पराक्रमच आहेत, परंतु हिशेबात गल्लत नको.

आठवड्याचे अंदाजपत्रक

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट जमाखर्चात मांडल्याशिवाय नीट समजत नाही, म्हणून प्रथम वेळेचे अंदाजपत्रक मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. दुकान सहा दिवस, रोज दहा तास, म्हणजे ६० तास. स्नान, पूजा-सामायिक, भोजन, जाणे-येणे यांसाठी रोज तीन तास, म्हणजे २१. शिल्लक उरतात ३८ तास.

अर्ध्या अंतराच्या तयारीसाठी नऊ तासांचा आठवडा हे एक मध्यम प्रमाण आहे. पाऊण तासाचे पोहणे दोन वेळा. आठवड्यात एकदा एक तास आणि सुटीच्या दिवशी तीन तास सायकल. पाऊण-पाऊण तासाचे दोन आणि दीड तासाचे एक धावणे. उरलेला अर्धा तास पाठ, कंबर व पायांच्या बळकटीचे व्यायाम. सायकलवरून उतरल्यावर लगेच धावण्याचाही सराव करावा लागतो, कारण त्या वेळी पाय आपले नसल्यासारखे वाटतात आणि ती सवय मोडावी लागते. हे नऊ तास वजा केले की पत्नी, मुले, आई-वडील, नातलग आणि समाजकार्य या सर्वांसाठी मिळून २९ तास राहतात. पूर्ण आयर्नमॅनसाठी चौदा तास धरले तर २४ राहतात आणि त्यांतही थकव्यामुळे माणूस अर्धा जागा, अर्धा झोपलेला असतो.

म्हणजे हे तास कोणाच्या तरी खात्यातून उचलले जातात. बहुतेक घरांत ते पत्नीच्या खात्यातून जातात. रविवारी सकाळी पती सिंहगडाचा घाट चढत असतो किंवा रंकाळ्याभोवती फेऱ्या मारत असतो, तेव्हा मुलांना पाठशाळेत पोहोचवणे, सासूबाईंना देरासरात नेणे, आलेल्या पाहुण्यांचे पाहणे ही कामे तीच करते. पदक गळ्यात पडते ते एकाच्या, उधारी मात्र घरभर असते. ती मान्य करणे आणि तिची परतफेड करणे, ही या खेळातील पहिली नीती होय.

व्यापाऱ्याचे पंचांग आणि शर्यतीचे पंचांग

आपल्या लोकांपुढे आणखी एक अडचण असते. २०२४ सालची गोव्याची शर्यत २७ ऑक्टोबरला होती आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला. कापड, सराफी, भांडी वा किराणा कोणताही असो, वर्षाच्या उलाढालीचा मोठा भाग ज्या पंधरवड्यात होतो, नेमक्या त्याच पंधरवड्यात दुकानदाराने गोव्याला जायचे ! शिवाय त्या वर्षी श्वेतांबरांचे पर्युषण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व ८ सप्टेंबरला सुरू झाले. म्हणजे शर्यतीला जेमतेम सात आठवडे उरले असताना, जेव्हा सराव सर्वांत जड असावा लागतो, तेव्हा घरात उपवास, एकासन, प्रतिक्रमण चाललेले.

यावर मार्ग आहे, पण तो आधी आखावा लागतो. लांब पल्ल्याचा सराव श्रावण संपण्यापूर्वी उरकून पर्वाचे आठ-दहा दिवस विश्रांतीचे म्हणून आधीच कोष्टकात लिहून ठेवावेत. खेळाच्या शास्त्रातही काही आठवड्यांच्या कष्टानंतर हलका आठवडा ठेवण्याची पद्धत आहेच. उपवासाच्या दिवशी, विशेषतः चौविहार उपवासात, घाम गाळणारा व्यायाम मुळीच करू नये. शरीरातील पाणी व क्षार कमी झालेले असताना जोर काढणे म्हणजे तपही नव्हे आणि सरावही नव्हे. ज्याला दिवाळीत पेढी सोडता येत नाही, त्याने दुसऱ्या हंगामातील लहान अंतराची स्पर्धा निवडावी. शर्यती पुढच्या वर्षीही होतील, ग्राहक मात्र शेजारच्या दुकानात जाईल.

सूर्यास्त, नवकारसी आणि साडेआठ तास

आता आपल्या घराघरांत विचारला जाणारा प्रश्न : नियम पाळून हा खेळ होतो काय ? रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने दोन्ही अंतरांत मोठा फरक आहे. अर्ध्या अंतराची शर्यत सकाळी सातच्या सुमारास सुरू झाली, तर साडेआठ तासांची मुदत दुपारी साडेतीनच्या आसपास संपते. गोव्यात ऑक्टोबरअखेर सूर्य सहानंतर मावळतो, म्हणजे स्पर्धकाला शांतपणे जेवायला अवधी मिळतो. पूर्ण अंतरात सतरा तास धावायचे असल्यास विषुववृत्ताजवळच्या देशांत शेवटचे चार-पाच तास अंधारात जातात आणि त्या वेळी काही न घेता मॅरेथॉन संपवणे धोक्याचे असते. जर्मनीतील हॅम्बुर्गसारख्या उत्तरेकडील शहरात जूनच्या आरंभी दिवस सोळा तासांहून मोठा असतो. तेथे हा पेच बराच सुटतो.

नवकारसी पाळणाऱ्याचा प्रश्न सकाळचा आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात काही घालायचे, तर गोव्यात तोवर सव्वासात होतात आणि स्पर्धक पाण्यात उतरलेला असतो. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवलेला माणूस समुद्रातून बाहेर येऊन पहिला घास घेतो, तेव्हा सुमारे चौदा तास लोटलेले असतात. रात्रीच्या उपवासाने यकृतातील साखरेचा साठा उतरतो, स्नायूंतील साठा बराचसा टिकून असतो. त्यामुळे हे अशक्य नाही. पण सरावाच्या दिवसांत महिनोन्‌महिने असेच करून पाहिलेले असले पाहिजे. शर्यतीच्या दिवशी पहिला प्रयोग करू नये. ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याने डॉक्टरांशी बोलावे, आणि नियमांतील सवलतीचा निर्णय आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच घ्यावा.

सायकलवर दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. पिकलेले केळे, खजूर, गुळाची चिक्की आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी एवढ्यावर अर्ध्या अंतराचे भागते. इतर स्पर्धक उकडलेले बटाटे खातात. त्यांवाचून काही अडत नाही. बाजारातील ‘एनर्जी जेल’च्या पुड्या मात्र वाचून घ्याव्यात. काहींत मध असतो, तर चघळण्याच्या गोळ्यांत आणि औषधी कॅप्सूलच्या वेष्टनांत जिलेटिन असू शकते व ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. परदेशी मालावर आपल्याकडचे हिरवे चिन्ह असेलच असे नाही. आणखी एक सूचना : तहान लागली म्हणून नुसतेच पाणी ढोसत राहणेही घातक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम उतरते. शाकाहारी माणसांत बी-१२ व लोहाची कमतरता वारंवार आढळते. सराव सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हिताचे.

पोहण्याविषयी काही घरांत वेगळा आक्षेप असतो. न गाळलेल्या पाण्यात उतरणे, अप्कायाची विराधना, हा विचार वडीलधाऱ्यांच्या मनात असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांच्यासाठी धावणे-सायकल-धावणे अशी ड्युएथलॉन ही शर्यतही आहे.

धोका कोठे आहे

अमेरिकेतील ट्रायथलॉनच्या १९८५ ते २०१६ या काळातील नोंदींचा एक अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यात आकस्मिक मृत्यू, हृदयक्रिया बंद पडणे व अपघाती मृत्यू अशा १३५ घटना आढळल्या. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या. या व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ४७ होते आणि १०० पैकी ८५ पुरुष होते. हे वय व हे वर्णन आपल्या गादीवर बसणाऱ्या माणसाशी किती जुळते, हे निराळे सांगायला नको. वीस वर्षे गल्ल्यामागे बसलेला माणूस मित्राच्या सत्काराचा फोटो पाहून सहा महिन्यांत समुद्रात उतरायला निघतो, तेव्हा त्याला हृदयतपासणीची चिठ्ठी विचारणारे कोणी तरी घरात असले पाहिजे. पहाटेच्या अंधारात महामार्गावर सायकल चालवणाऱ्याने पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये, हेही त्यातच आले.

घाई नको, इतकेच सांगायचे आहे. वय आडवे येत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथील पूर्ण आयर्नमॅन पुरी केली. मॅडोना ब्यूडर या कॅथलिक साध्वीने २०१२ साली ८२ व्या वर्षी कॅनडात, तर हिरोमू इनादा या जपानी गृहस्थांनी २०१८ साली ८५ व्या वर्षी हवाईत तेच अंतर मुदतीत कापले. त्यांच्यामागे अनेक वर्षांचा संथ सराव होता. ठेव जुनी असली की व्याज दिसते.

हौशी म्हणजे काय

या शर्यतींत पैसा मिळवणारे व्यावसायिक खेळाडू मूठभर. बाकी सारे हौशी, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत विभागलेले. त्यांना पदक आणि एक बनियन याखेरीज काही मिळत नाही. नियम मात्र सर्वांना कडक : हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही, रिकामी पुडी नेमलेल्या जागेबाहेर टाकायची नाही, बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. आडोशाच्या नियमावर कोणी पंच सतत पाळत ठेवू शकत नाही. तो पाळला जातो तो मुख्यतः स्वतःच्या सचोटीवर, आणि सचोटीची किंमत आपल्या पेढ्यांना कोणी शिकवायला नको.

या खेळाला तप म्हणू नये. तपाचे प्रयोजन निर्जरा आहे, शर्यतीचे नाही. दोहोंत शरीराला कष्ट होतात एवढेच साम्य. खेळ ही गृहस्थाची एक शिस्तबद्ध हौस आहे आणि तशीच ती ठेवली, तर तिच्यापासून शरीराला व मनाला लाभच आहे. आपल्या संस्थांनी गुणगौरवाच्या पत्रिकेत एक लहान बदल करावा असे सुचवावेसे वाटते. पदक मिळवणाऱ्याबरोबर त्याच्या पत्नीला किंवा पतीला, आणि ज्या भावाने दिवाळीत एकट्याने दुकान ओढले त्यालाही व्यासपीठावर बोलवावे. शाल एकच असली तरी चालेल. ती कोणाच्या खांद्यावर घालायची, ते त्या घरातच ठरू द्यावे.