भेदभाव आणि अज्ञान : बेने इस्रायल समाजाचा दाखला

विविधता व समता यांचे शिक्षण देणारे पाठ्यक्रम बहुधा दोन गृहीतांवर उभे असतात. भेदभाव अज्ञानातून उपजतो, म्हणून परिचयाने तो सरतो, हे पहिले. भेदाची झळ सोसणारा समाज स्वतः भेद करीत नाही, हे दुसरे. या गृहीतांची परीक्षा करण्यास कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाजाचा इतिहास उपयुक्त ठरतो.

पनवेल येथील या समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ चे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून हे लोक 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. शेजाऱ्यांनी धर्मासाठी त्यांचा छळ केला नाही. परंतु समाजातच 'गोरे' आणि 'काळे' असे दोन वर्ग होते. ही विशेषणे कातडीचा रंग सांगत नसत. ज्याचे आईबाप दोघेही समाजातील तो गोरा. ज्याच्या घराण्यात आई समाजाबाहेरची तो काळा. प्रार्थनेस दोघे एकत्र येत, पण त्यांच्यात विवाहसंबंध होत नसत. येथे परिचयाची उणीव नव्हती. उलट, एकमेकांच्या कुळाची माहिती हेच भेदाचे साधन होते.

यावर कोणी म्हणेल की, ती माहिती खोटी असावी. परंतु ती खरी मानली तरी प्रश्न उरतोच. आई परजातीची, एवढ्यावरून मुलगा कमी प्रतीचा कसा ठरतो? दोष वस्तुस्थितीच्या ज्ञानात नसून वंशावरून प्रतिष्ठा ठरविणाऱ्या अनुमानात आहे. केवळ माहिती पुरविल्याने ते अनुमान ढळत नाही.

१९४८ नंतर या समाजातील अनेक कुटुंबे इस्रायलमध्ये गेली. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. गोऱ्यांनी काळ्यांस विचारलेला प्रश्न आता साऱ्या समाजास विचारला गेला. १९६४ साली जेरुसलेममध्ये निदर्शने झाली आणि त्याच वर्षी तेथील संसदेने हा समाज सर्व बाबतींत समान असल्याचे जाहीर केले. त्यांचा वंश कोणाला नव्याने कळला म्हणून हे घडले नाही. तो प्रश्न विचारण्याच्या अधिकारासच आव्हान मिळाले, म्हणून घडले.

याचा अर्थ परिचय निरुपयोगी आहे असा नव्हे. समजूत खोटी असेल तेथे तो उपकारक आहे. मात्र समतेच्या शिक्षणाने 'आपणांस इतरांविषयी काय ठाऊक आहे?' एवढेच विचारून थांबू नये. 'जे ठाऊक आहे त्यावरून काय ठरविण्याचा आपणांस अधिकार आहे?' हेही विचारावयास शिकवावे.