गाणं शिकवायचं, पण पुढं काय?

"ताई, पोरगी गाते चांगलं. पण गाण्यावर पोट भरतंय होय?"

आमच्या कोडोलीत बचत गटाच्या बैठकीत वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारी नेहमी आईच असते. बापाला प्रश्न पडलेला नसतो, कारण त्याचं उत्तर आधीच तयार असतं. लग्न ठरेपर्यंत शिकू दे, मग बघू. गाण्याच्या एक-दोन परीक्षा दिलेल्या असल्या की स्थळ बघताना बायोडाटात लिहायला बरं पडतं, असंही एकदा ऐकलं. म्हणजे गाणं हे रांगोळी आणि भरतकामाच्या रांगेत. त्याला हौस म्हणायचं, काम म्हणायचं नाही.

मैत्रिणींनो, गंमत बघा. आपला हा भाग काही गाण्याला परका नाही. वारणानगर आमच्या उंबऱ्याला लागून. तात्यासाहेब कोरे यांनी इथं साखर कारखाना उभा केला, आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या मुलांच्या हातात वाद्यंही दिली. वारणेचा बाल वाद्यवृंद महाराष्ट्रभर गाजला. आपल्या लेकराला स्टेजवर वाजवताना बघून डोळे पुसणाऱ्या बाया इथल्या घराघरांत आहेत. पण लहानपणी वाजवणं वेगळं आणि त्याच्यावर संसार चालवणं वेगळं, हे त्याही जाणून आहेत. म्हणून आज म्हटलं, आपल्या कोल्हापूरच्या मातीतून ज्या बायका गाण्याच्या जोरावर उभ्या राहिल्या, त्यांनी ते कसं निभावलं ते जरा बघू या.

सुरुवात होते १८९५ साली. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबार गायक म्हणून कोल्हापुरात आणलं. खाँसाहेब मूळ राजस्थानातले. तरुणपणी अतिश्रमानं त्यांचा आवाज गेला होता. तो परत आला तो पूर्वीसारखा नव्हताच. मग त्या नव्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. तेच पुढं जयपूर घराणं. १९२२ मध्ये महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. पण त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरातच राहिले, आणि घराण्याचा एक दिवा इथं तेवत राहिला. या घराण्याचं नाव ज्यांनी जगभर नेलं त्यांत बायका किती, हे मोजायला बसलं तर पुरुष मागं पडतात.

त्यांतल्या धोंडूताई कुलकर्णी मला सगळ्यांत जवळच्या वाटतात, आणि त्यांचंच नाव आपल्याकडं सगळ्यांत कमी घेतलं जातं. जन्म २३ जुलै १९२७, कोल्हापूर. वडील गणपतराव शिक्षक. गाण्याचं भयंकर वेड. आपल्याला जमलं नाही ते लेकीनं शिकावं, ही जिद्द. आता १९३०च्या आसपासचं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा. ब्राह्मण शिक्षकाची मुलगी, आणि ती मुसलमान उस्तादाकडं गाणं शिकणार! त्या काळी गाणारी बाई म्हणजे कोण, याबद्दल लोकांच्या मनात एकच उत्तर होतं आणि ते चांगलं नव्हतं. 'घरंदाज' हा शब्द आपण अजूनही किती सहज वापरतो. त्याचा अर्थ तेव्हा 'न गाणारी' असाच होता. गणपतरावांनी लोकांकडं पाठ फिरवली. धोंडूताई लहानपणीच अल्लादियाखाँसाहेबांचे पुतणे नत्थनखाँ यांच्याकडं शिकू लागल्या, मग भुर्जीखाँकडं. लहान वयातच आकाशवाणीवर गायल्या.

इथं थोडं थांबून सांगते, कारण शिकणं म्हणजे काय ते आपल्याला क्लासच्या हिशेबानं वाटतं. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, महिन्याची फी. तालीम तशी नसते. पहाटे उठून खर्जाचा रियाज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरावर आवाज ठेवून बसायचं. एकच राग महिनोन्‌महिने. उस्ताद गाणार, शिष्यानं तसंच म्हणायचं, चुकलं की पुन्हा. लिहून घ्यायचं नाही. जयपूर घराण्यात तर अनवट रागांचा साठा मोठा, आणि एकेक बंदिश गुरूच्या मर्जीनं हाती लागायची. दहा-बारा वर्षं अशी घातल्यावर मैफलीत बसण्याइतकं गाणं होतं. झालं तर.

भुर्जीखाँ १९५० मध्ये गेले. धोंडूताई तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या. या वयात आपल्याकडं मुलीच्या मागं लग्नाचा तगादा लागतो. त्यांनी लग्न केलं नाही. कोल्हापूरच्याच लक्ष्मीबाई जाधव, ज्या बडोदा दरबारच्या गायिका होत्या, त्यांच्याकडं त्या शिकल्या. भुर्जीखाँचे चिरंजीव बाबा अझिझुद्दीनखाँ यांच्याकडूनही घेतलं. आणि पस्तिशीच्या आसपास, नावाजलेल्या गायिका असताना, केसरबाई केरकरांपुढं पुन्हा शिष्या म्हणून बसल्या. विचार करा, पस्तिशीत पहिलीपासून! केसरबाई म्हणजे महाकडक. शिष्य करायला सहसा तयार नसत. त्यांनी मनापासून विद्या दिली अशा जवळपास एकट्या धोंडूताईच.

पुढं मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, मैफली केल्या, आईवडिलांना सांभाळलं. केनेडी ब्रिजजवळच्या भाड्याच्या जागेत राहून त्या शिकवत. तिथं दहा वर्षांची एक मुलगी गाणं शिकायला यायची. ती पुढं पत्रकार झाली. नमिता देवीदयाल. तिनं २००७ साली 'द म्युझिक रूम' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि धोंडूताईंचं नाव गाण्यातल्या लोकांच्या बाहेरही पोचलं. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, तरी बाईंची ओळख सामान्य माणसाला झाली ती शिष्येच्या पुस्तकामुळं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. १ जून २०१४ रोजी त्या गेल्या. पैसा फार मिळवला नाही, पण गाण्याशिवाय दुसरं काही करावंही लागलं नाही. याला पोट भरलं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तर म्हणते, भरलं.

त्यांच्या गुरूंची, केसरबाईंची तऱ्हा अगदी उलटी. जन्म गोव्यातल्या केरी गावचा, १८९२चा. लहानपणी कुटुंब काही काळ कोल्हापुरात होतं, तेव्हा अब्दुल करीमखाँकडं काही महिने शिकल्या. मग एकामागून एक गुरू. कुणाकडं काही महिने, कुणाकडं काही वर्षं. अखेर १९२१ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांनी शिष्या केलं, तेव्हा बाई एकोणतिशीच्या होत्या. त्यानंतरची तालीम दहा वर्षांहून जास्त. पण एकदा उभ्या राहिल्या त्या अशा, की बिदागी त्या सांगतील ती. बैठक त्यांच्या अटींवर. समोर कुणी कुजबुजलं तरी खपायचं नाही. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. मला विचाराल तर पुरुष कलावंतानं हेच केलं की त्याला 'मनस्वी' म्हणतात. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीवरच्या आवाजांची तबकडी आहे, आणि तिच्यात भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांचा आवाज आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडं गेला आहे.

मोगूबाई कुर्डीकरांची वाट मात्र काट्यांची. जन्म १९०४, गोव्यातल्या कुर्डी गावचा. (ते गाव पुढं साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं म्हणतात.) लेकीनं गायिका व्हावं म्हणून आईनं नाटक कंपनीत घातलं, आणि पोरगी दहा वर्षांची असताना आई गेली. पुढं सांगलीत असताना मोगूबाई घरी रियाज करत, आणि एक वयस्कर गृहस्थ बाहेर उभे राहून ऐकत. ते अल्लादियाखाँ! औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. त्यांनीच शिकवायला सुरुवात केली. पण खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग मोगूबाई गेल्या, आणि तिथं कलावंतांच्या चढाओढीत त्यांची तालीम सारखी तुटत राहिली. कधी हे गुरू, कधी ते. रीतसर गंडा बांधला गेला तो १९३४ मध्ये. तोवर पदरात किशोरी होती.

मुलं लहान असतानाच पती गेले. तीन मुलं, मुंबईसारखं शहर, हातात फक्त गाणं. मोगूबाईंनी शिकवण्या केल्या, मैफलींसाठी गावोगाव फिरल्या. किशोरीताई आमोणकरांनी नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे, की आईच्या मागं तंबोऱ्यावर बसायला त्या जायच्या तेव्हा आयोजक कसं वागवत ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. साधा प्रवास, कुठंतरी उतरायची सोय, तुटपुंजी बिदागी. तेव्हाच ठरवलं, आपण असं सहन करायचं नाही. किशोरीताई मैफलीत चिडतात, उशिरा बसतात, अशी कुरबुर आपण वर्षानुवर्षं वाचली. त्या चिडण्यामागं आईचे ते प्रवास होते.

किशोरीताईंचाही आवाज ऐन उमेदीत गेला होता. दोनेक वर्षं गाणं बंद. त्या काळात त्यांनी मनात गाणं सुरू ठेवलं, विचार केला, आणि परत गायला बसल्या तेव्हा त्यांची गायकी आईपेक्षा वेगळी झाली होती. त्यावरून टीकाही झाली. १९६४ मध्ये चित्रपटासाठी गायल्या तर मोगूबाईंना ते अजिबात पसंत पडलं नाही. पती रवींद्र आमोणकर शिक्षक होते. बायकोच्या गाण्यामागं तो माणूस उभा राहिला, हे किशोरीताई आवर्जून सांगत. २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ३ एप्रिल २०१७ ला त्या गेल्या.

आणि आपल्या लताबाई! त्याही काही काळ कोल्हापूरकर होत्या. १९४२ मध्ये वडील गेले तेव्हा तेरावं पूर्ण व्हायचं होतं. पाच भावंडांतली थोरली. मास्टर विनायकांच्या कंपनीत नोकरी धरली आणि घर चालवलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं, हे किती जणींना माहीत? १९६५च्या 'साधी माणसं'ला संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला, नाव पुकारलं, तरी बाई जागेवर बसूनच. आनंदघन म्हणजे लताच, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. गाणारी बाई लोकांना चालते, पण चाली बांधणारी बाई आजही बोटावर मोजण्याइतकीच.

आता मूळ प्रश्न. या सगळ्या मोठ्या बायका झाल्या, आपल्या पोरीचं काय? खरं सांगायचं तर नुसत्या मैफलींवर घर चालणारे कलावंत थोडेच, पुरुषांतही. बहुतेकांचं घर शिकवण्यांवर चालतं. त्याच्या जोडीला शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी, भजनी मंडळं, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रे, साथसंगत. पेटी आणि तबल्यावर साथ करणाऱ्या मुली आता दिसतात, पण कमी. तिथं जागा आहे असं मला वाटतं.

शिक्षणाची सोय आपल्याकडं चांगली आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या कुरुंदवाडचे, आणि त्यांच्या परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ठाणं मिरजेला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि मग अलंकार, अशी त्या परीक्षांची चढण. विशारद पूर्ण व्हायला साधारण सात वर्षं धरा. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तिथं पदवी घेता येते. कोल्हापुरात १८८३ सालचा गायन समाज देवल क्लब आहे. आकाशवाणीची ऑडिशन दिली की बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळतात, आणि श्रेणीप्रमाणं कार्यक्रमांचं मानधन. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा आम्ही बायकासुद्धा हळहळलो. तिथं उभं राहायचं स्वप्न बघणाऱ्या पोरी आपल्या गल्लीत आहेत, म्हणून.

मी आयांना एवढंच सांगते, की परीक्षा आणि गाणं या दोन वेगळ्या गोष्टी धरा. कागद नोकरीसाठी लागतो, तो मिळवा. पण गुरू बघताना त्याच्याकडं किती मुली पास झाल्या ते विचारू नका. त्याच्याकडं दहा वर्षं टिकलेल्या किती आहेत ते विचारा. शाळा-कॉलेज सोडायला लावू नका. आणि सकाळी पोरीला उठवून रियाजाला बसवायचं असेल तर तेवढा अर्धा तास तिच्याकडून पाणी भरून घेऊ नका, भावाला सांगा.

तंबोऱ्याचं विचाराल, तर सुरुवातीला मोबाइलवरचा चालतो. चार-पाच वर्षं नेटानं गेल्यावर मात्र मिरजेला जाऊन खरा घ्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बायकांच्या सुराचा तंबोरा पुरुषांच्यापेक्षा लहान येतो, त्यामुळं पोरीला सोबत नेऊन, तिला गायला लावून, तिचा सूर कारागिराला ऐकवूनच घ्यायचा. एस.टी.नं परत आणताना भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून जाड चादर न्यायला विसरू नका.